हाक आणि ग्वाही

आषाढी वारीचे दिवस आणि शाळा-कॉलेजांच्या प्रवेशाचे दिवस बहुधा एकच असतात. त्या दिवसांत बारामती आणि इंदापूर तालुक्यांत दोन प्रकारचे ठरलेले शब्द एकाच वेळी चालू असतात. तुकोबांची पालखी उंडवडी गवळ्याची सोडून बारामतीत येते, काटेवाडीला मेंढ्यांचे रिंगण होते, मग सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी, इंदापूर करीत ती सराटीला नीरेकाठी पोचते. आणि या सगळ्या वाटेवर हजारो तोंडांतून ज्ञानोबा-तुकोबांची दोन नावे तीच ती, त्याच ठेक्यात निघत राहतात. तहसील कचेऱ्यांच्या आसपासच्या टायपिंगच्या दुकानांत त्याच वेळी उत्पन्नाच्या दाखल्यासाठी, रहिवासासाठी, आईच्या नावातल्या फरकासाठी प्रतिज्ञापत्रे होत असतात. टाइप करणारा दोन-तीन अक्षरे मारतो, एक कळ दाबतो, आणि नाव, वय, धंदा यांपासून ‘वरील मजकूर खरा आहे’ इथपर्यंतच्या पंधरा-वीस ओळी पडद्यावर उतरतात. समोरचा माणूस सही करतो. दोन्हीकडे शब्द आधीपासून तयार आहेत, बोलणाऱ्याने ते जुळवलेले नाहीत. मग सही करणाऱ्याच्या मनात जे वाक्य कधी आलेच नाही, त्याची शपथ झाली असे म्हणायचे का? आणि झाली नसेल, तर ज्याने ते दोन शब्द दिवसभर घोळवले त्या वारकऱ्याच्या नामाचे काय?

प्रश्न वरवर यंत्राचा दिसतो, पण तो धर्माचा आहे, आणि आपल्याकडे तो फार जुना आहे. माझे मत असे की तयार शब्द वापरल्याने वाणीचे सत्य जात नाही. मात्र शब्दाची दोन कामे आहेत. एक हाक मारण्याचे, दुसरे ग्वाही देण्याचे. हाक कितीही आखडून घेतली तरी तिचे काही बिघडत नाही. ग्वाही आखडता येते ती फक्त लिहिण्यापुरती. देणाऱ्याला ती पुन्हा पूर्ण उलगडून, ओळीओळीतून जाऊनच द्यावी लागते. हा भेद न केल्यामुळे एकीकडे नामाला यांत्रिक म्हणून हिणवले जाते आणि दुसरीकडे प्रतिज्ञापत्राला ‘नुसता कागद’ म्हणून सोडून दिले जाते. दोन्ही चुका एकाच मुळातून येतात.

आधी टायपिंगच्या दुकानातले हे एका कळीचे साधन कसे चालते ते नीट पाहिले पाहिजे, कारण त्याच्या रचनेतच अर्धे उत्तर आहे. लिब्रेऑफिससारख्या साधनात लांब मजकूर एकदा साठवून त्याला छोटे नाव, म्हणजे संक्षेप, द्यायचे, आणि पुढे ते नाव टाइप करून एफ-३ दाबले की मजकूर हजर होतो. व्हिमसारख्या संपादकात कळही वेगळी लागत नाही. संक्षेपानंतर रिकामी जागा किंवा विरामचिन्ह आले की तो आपोआप उलगडतो. मजकूर अनेक ओळींचा असेल तर ओळ कुठे मोडायची हे खुणेने सांगावे लागते, आणि संपादक स्वतःहून समास राखत असेल तर प्रत्येक पुढची ओळ आणखी थोडी उजवीकडे सरकत कलमांचा जिना होऊन बसतो. संक्षेप निवडतानाही जपावे लागते. प्रतिज्ञापत्रासाठी ‘प्रति’ हे सोपे नाव ठेवले, तर तहसीलदारांना अर्ज लिहायला घेऊन पहिल्या ओळीत ‘प्रति’ लिहून स्वल्पविराम दिला की अर्जाच्या डोक्यावर अख्खे प्रतिज्ञापत्र येऊन पडते. म्हणून जाणती माणसे नेहमीच्या लिखाणात कधी येणार नाही असा जोड निवडतात, आधी एखादे चिन्ह लावतात. आणि मजकुरात जिथे नाव, वय, गट नंबर यायचा तिथे रिकाम्या जागा सोडतात. तयार मजकूर आणि रिकामी जागा, या दोहोंतच सगळा विचार आहे.

संक्षेपाची ही शिस्त पाणिनीने टोकाला नेली होती. चौदा माहेश्वर सूत्रांत वर्णांची मांडणी करून त्याने पहिला वर्ण आणि शेवटची खूण एवढ्यावर अख्खा वर्णसमूह उभा केला. अच् म्हटले की सारे स्वर आले, हल् म्हटले की सारी व्यंजने. सुमारे चार हजार सूत्रांचे व्याकरण तोंडपाठ राहू शकले, त्यात या आखुडपणाचा मोठा वाटा आहे. पण त्यालाही ‘प्रति’सारखीच अडचण आली. ण् ही खूण सूत्रांत दोनदा येते, त्यामुळे अण् म्हटले की नेमके कुठपर्यंतचे वर्ण घ्यायचे हा संशय उरतो. व्याकरणपरंपरेने त्याचा निकाल असा लावला की संशय आहे म्हणून नियम टाकून द्यायचा नाही. कुठे पहिला ण् धरायचा आणि कुठे दुसरा, हे व्याख्यानातून, शिकवणाऱ्यांच्या परंपरेतून ठरते. मला यात महत्त्वाचे वाटते ते हे की संक्षेप स्वतःच्या बळावर काहीच सांगत नाही. तो उलगडून सांगणारे कुणीतरी शाबूत असेपर्यंतच त्याला अर्थ असतो. दोन अक्षरांत वीस ओळी आहेत असे आपण म्हणतो, पण त्या अक्षरांत नसतात; ज्याने त्या ठेवल्या आणि ज्याला त्या ठाऊक आहेत त्यांच्यापाशी असतात.

धर्मकृत्यांत तयार मजकूर आणि रिकामी जागा ही जोडी आणखी ठळक दिसते. सत्यनारायण असो की वास्तुशांत, आरंभीच्या संकल्पात देश, काल, कर्ता आणि हेतू सांगितले जातात. त्यातला पुष्कळ भाग कायमचा ठरलेला आहे. पण संवत्सराचे नाव दर गुढीपाडव्याला बदलते, तिथी-वार रोज बदलतात, गोत्र आणि नाव यजमानागणिक बदलते. स्थळाचा उल्लेखही गोदावरी धरून होतो. बारामती-इंदापूर गोदावरीच्या दक्षिणेला, म्हणून इथे दक्षिण तीर. तोच पुरोहित नदीपलीकडे गेला की त्याला तीर बदलावे लागते. पोथ्यांमध्ये या जागी ‘अमुक’ हा शब्द छापलेला असतो. ‘अमुक’ तसाच वाचणारा पुरोहित कुणी चांगला म्हणणार नाही, मग बाकीचा पाठ कितीही शुद्ध असो.

मीमांसकांनी यावर जे म्हटले ते फार सूक्ष्म आहे. एका यज्ञाचा मंत्र दुसऱ्या यज्ञात वापरताना देवतेचे नाव बदलावे लागते. अग्नीच्या जागी सूर्य म्हणावे लागते. या बदलाला ते ऊह म्हणतात आणि जैमिनीच्या सूत्रांचा नववा अध्याय त्याचाच विचार करतो. पण दुसऱ्या अध्यायात जैमिनी विचारतो की हे घातलेले नाव, यजमानाचे प्रवर, यजमानाचे नाव, ही मंत्र आहेत का? उत्तर नकारार्थी आहे. जे परंपरेने पाठ म्हणून आले ते मंत्र. जे प्रसंगी घातले ते मंत्र नव्हे. पहिल्यांदा वाचताना यजमानाचा अपमान वाटावा असा हा निकाल आहे. मला तो उलट वाटतो. मंत्राची जबाबदारी परंपरेवर आहे, पण घातलेल्या नावाची जबाबदारी कुणावर ढकलता येत नाही. ठरलेल्या पाठात जिथे खिडकी ठेवली आहे, तिथूनच आजचा, या गावचा, या नावाचा माणूस त्या कृत्यात शिरतो.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो कौत्साच्या तोंडून येतो. यास्काच्या निरुक्तात पहिल्याच अध्यायात त्याचे मत नोंदवले आहे. मंत्रांचे शब्द ठरलेले, त्यांचा क्रम ठरलेला. एका शब्दाऐवजी समानार्थी शब्द चालत नाही, मागचा पुढे चालत नाही. खऱ्या बोलण्यात असे होत नाही. म्हणून मंत्रांना अर्थ नाही, ते फक्त उच्चारायचे आहेत. आज प्रतिज्ञापत्राला ‘नुसता कागद’ म्हणणारा माणूस नकळत कौत्साचाच अनुयायी असतो: मजकूर सगळ्यांचा सारखाच, मग तो माझा कसा? यास्काचे उत्तर साधे आणि बळकट आहे. ठरलेला क्रम रोजच्या भाषेतही असतो. काही जोडशब्द त्याच क्रमाने बोलले जातात, म्हणून ते निरर्थक होत नाहीत. त्याच यास्काने, वेद पाठ करून अर्थ न जाणणाऱ्याला ओझे वाहणाऱ्या खांबासारखे म्हटलेले वचनही दिले आहे. दोन्ही गोष्टी एकत्र धरल्या की बाजू स्पष्ट होते. शब्द ठरलेले असल्याने अर्थ जात नाही. तो जातो तो ते शब्द उचलणाऱ्याने आत न पाहिल्याने. दोष मजकुरावर टाकणे ही पळवाट आहे.

दुसरा आक्षेप उलट टोकाचा आहे आणि त्याला उत्तर देताना बारामतीचाच माणूस आठवतो. आक्षेप असा की लहान शब्दाचा मोठा विस्तार श्रमाने झाला तर त्यात भक्ती असते. कळ दाबून झाला तर त्यात काहीच नसते. मोरोपंत पराडकर १७२९ मध्ये पन्हाळगडी जन्मले, पण त्यांचे आयुष्य आणि कविता बारामतीत, बाबूजी नाईकांच्या आश्रयाने, कऱ्हेच्या काठी बहरली. १७९४ मध्ये त्यांचा अंत झाला. त्यांच्या नावावर परंपरा एकशेआठ रामायणे सांगते. त्यांत ओठांनी उच्चारायची अक्षरे मुळीच न वापरता रचलेले निरोष्ठ रामायण आहे, आणि मंत्ररामायण आहे, ज्यात ‘श्रीराम जय राम जय जय राम’ हा तेरा अक्षरांचा मंत्र अक्षराअक्षराने काव्यात गुंफलेला आहे. तेरा अक्षरांच्या आत सारी रामकथा आहे, असे कीर्तनकार सहज म्हणून जातो. पंतांनी ते करून दाखवले. मंत्राच्या अक्षरांना जागा करून देत देत कथा पुढे नेताना प्रत्येक शब्द तोलून घ्यावा लागला असणार, हे त्या बंधनाकडे पाहिल्यावर वेगळे सांगायला नको. या कसरतीला कृत्रिम म्हणणारे टीकाकार पुढे झाले, आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी निबंधमालेत पंतांच्या कवितेची बाजू हिरिरीने मांडली. मला चिपळूणकरांची बाजू पटते, पण माझे कारण निराळे आहे. पंतांच्या हातात ठरलेला भाग छोटा होता आणि भरायची जागा अफाट; आणि ती जागा त्यांनी दर वेळी नव्याने भरली. टायपिंगच्या दुकानात प्रमाण उलटे होते. ठरलेला भाग वीस ओळी आणि भरायची जागा चार शब्द. पण ते चार शब्द भरताना लागणारा प्रामाणिकपणा कमी दर्जाचा नाही. श्रमाचे माप अक्षरांच्या संख्येने घेतले तर कीर्तनकारापेक्षा नक्कल करणारा कारकून मोठा भक्त ठरेल, आणि तसे कुणी मानत नाही. बोटांचे श्रम वाचले तर वाचू द्यावेत. वाचू नये ते लक्ष.

पण मग, लक्ष हीच कसोटी असेल तर दिंडीत चालणाऱ्याचे काय? पावसात, चिखलात, थकलेल्या पायांनी चालताना तोंडात नाम असते आणि मन कुठेही असते. घरच्या पेरणीत, दुखणाईत बायकोत, उसाच्या बिलात. त्याचे नाम खोटे का? हा सगळ्यांत अवघड आक्षेप आहे. नामात काही विधान नाही. ज्ञानोबा, तुकोबा, विठ्ठल, ही नावे आहेत, आणि नावाने हाक मारली जाते. हाक खरी किंवा खोटी ठरत नाही, ती पोचते किंवा पोचत नाही. आईला हाक मारणाऱ्या लेकराचे मन खेळण्यात असले तरी ती हाक तिच्याचसाठी असते. पंतांची केकावलीसुद्धा अखेर हाकच आहे, मेघाकडे पाहून मोराने फोडलेला टाहो. तिच्यातली पांडित्याची सारी आरास त्या एका हाकेभोवती आहे. हाकेला संक्षेप मानवतो तो याचमुळे. पूर्ण स्तोत्राच्या जागी एक नाम चालते, नामाच्या जागी टाळाचा ठोका चालतो, आणि संतांनी नामाला इतर साधनांवर चढवले ते याच बळावर. जिथे काही प्रतिपादन केलेले नाही, तिथे मधले गाळल्याने काही असत्य होत नाही. मन भरकटले तर साधकाचे नुकसान होईल, दुसऱ्या कुणाची फसवणूक होणार नाही.

ग्वाहीचे तसे नाही. ‘माझ्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न इतके आहे’, ‘याखेरीज माझ्या नावे अन्यत्र शेतजमीन नाही’, ‘दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे’, ही वाक्ये दुसऱ्या कुणाच्या तरी हक्काला हात लावतात. शिष्यवृत्तीची रक्कम मर्यादित असते. जमिनीला चुलतभाऊ असतो, बहीण असते. आणि इथे मला माझेच आधीचे म्हणणे जरा ताणून पाहिले पाहिजे, कारण रिकामी जागा भरली की जबाबदारी संपली असे त्यातून कुणी काढील. प्रतिज्ञापत्रात धोका बहुतेक वेळा रिकाम्या जागेत नसतो. नाव, वय, गट नंबर माणूस डोळे फाडून तपासतो. धोका तयार ओळींत असतो, कारण त्या फुकट आलेल्या असतात आणि फुकट आलेले कुणी वाचत नाही. मागच्या गिऱ्हाइकाला जमीन नव्हती म्हणून ठेवलेली ‘अन्यत्र जमीन नाही’ ही ओळ या गिऱ्हाइकाच्या कागदावरही येते, आणि याची इंदापुरात दोन एकर असते. तो लबाड नाही. त्याने ते वाक्य पाहिलेच नाही. तरी ते त्याच्या सहीवर उभे आहे. हाकेत न पाहिलेला भाग रिकामा राहतो, ग्वाहीत न पाहिलेला भागसुद्धा बोलतो. म्हणून ग्वाहीत ठरलेली ओळ आणि भरलेली जागा हा भेद टिकत नाही. प्रत्येक ओळ, सही करणाऱ्यापुरती, रिकामी जागाच असते.

तयार मजकूर शिळाही होतो. १ जुलै २०२४ पासून १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. खोट्या प्रतिज्ञापत्राच्या संदर्भात जुन्या संहितेची १९९ आणि २०० ही कलमे वर्षानुवर्षे मराठी मसुद्यांच्या तळाशी असत. ज्याने आपला साठवलेला मजकूर त्या दिवसानंतर उघडून सुधारला नाही, त्याच्या दुकानातून निघणाऱ्या प्रत्येक कागदावर माणसे रद्द झालेल्या कलमांचा धाक स्वतःला घालून घेत राहतात. संकल्पात गेल्या वर्षीचे संवत्सर म्हणावे तसाच हा प्रकार आहे, फरक इतकाच की पुरोहिताला पंचांग दर पाडव्याला बदलावेच लागते आणि संगणकातल्या मजकुराला पाडवा नसतो.

मग दोष कुणाचा, सही करणाऱ्याचा की मजकूर साठवणाऱ्याचा? ‘मी फक्त टाइप करतो’ हे उत्तर फार ऐकू येते, आणि गरिबीत, घाईत, पन्नास माणसे रांगेत असताना ते समजण्यासारखे आहे. पण आपल्या धर्मशास्त्राने ते मान्य केलेले नाही. याज्ञवल्क्य स्मृतीच्या व्यवहाराध्यायात कर्जाच्या लेखाची रीत सांगितली आहे आणि तीही ‘अमुक’ घालून, म्हणजे नमुन्याच्या रूपात. लेख पूर्ण झाला की ऋणकोने आपल्या हाताने लिहायचे की वर जे लिहिले आहे ते मला, अमुकाच्या मुलाला, मान्य आहे. साक्षीदारांनी आपल्या हाताने आपली नावे लिहायची. आणि शेवटी लेखकाने लिहायचे की दोघांच्या विनंतीवरून हे मी, अमुकाचा मुलगा अमुक, याने लिहिले. महाराष्ट्रात शतकानुशतके प्रमाण मानलेल्या, याच स्मृतीवरच्या मिताक्षरा टीकेने, लिहिता न येणाऱ्या ऋणकोची संमती सगळ्या साक्षीदारांसमोर दुसऱ्याकडून लिहून घ्यावी, हेही सांगितले आहे. मजकूर कुणी रचला याला तिथे महत्त्व नाही, तो नमुन्यावरूनच यायचा आहे. महत्त्व आहे ते संमती स्वतंत्रपणे, स्वतःच्या हाताने, मजकुराच्या खाली येण्याला. आणि लेखकाचे नाव त्याच कागदावर राहण्याला. ज्याच्या हातून शब्द उतरले तो त्या लेखाच्या बाहेर नाही.

त्याच स्मृतीत साक्षीदारांना साक्षीआधी खोट्या साक्षीचे फळ ऐकवावे असे म्हटले आहे. हे ऐकवणे म्हणजे धाक दाखवणे एवढेच मला वाटत नाही. ऐकताना वेळ जातो, आणि त्या वेळात माणूस आपण काय बोलणार आहोत त्यापाशी येतो. संकल्पातही गुरुजी ‘माझ्यामागून म्हणा’ म्हणत एकेक तुकडा सांगतात, यजमान तो अडखळत म्हणतो. सगळा संकल्प गुरुजींनी एका दमात म्हणून टाकला तर काम लवकर होईल, पण मग तो यजमानाचा राहणार नाही. निरक्षर माणसाच्या प्रतिज्ञापत्रावर मजकूर वाचून, समजावून सांगितल्याचा शेरा घेण्याची रीत आजही आहे. साक्षर माणसाला ती सवलत मिळत नाही, त्याने वाचले असे गृहीत धरले जाते, आणि बहुतेक वेळा न वाचलेले कागद साक्षरांचेच असतात.

म्हणून संक्षेप बसवणाऱ्याने काय करावे हा प्रश्न तांत्रिक राहत नाही. पत्ता, तालुका, जिल्हा, कचेरीचे नाव, नमस्काराचा मायना, यांना खुशाल दोन अक्षरांत बांधावे. त्यांत कुणाचे सत्य अडकलेले नाही. पण ज्या ओळीने माणूस स्वतःबद्दल काही नाकारतो किंवा कबूल करतो, ती ओळ आपोआप पूर्ण उतरू देऊ नये. तिच्यात ‘आहे / नाही’ असा पर्याय मोकळा ठेवावा, म्हणजे विचारल्याशिवाय कागद पुरा होणार नाही. मग टाइप करणाऱ्याला मान वर करून विचारावेच लागते, ‘मामा, दुसरीकडं कुठं जमीन हाय का?’, आणि समोरच्याला क्षणभर थांबून उत्तर द्यावे लागते.